हिमालयातली तळी कोण मोजतो?

बीड जिल्ह्यात बर्फ म्हटले म्हणजे रसवंतीवाल्याच्या गोणपाटात गुंडाळलेली लादी, नाही तर फाल्गुनात अवचित पडून ज्वारी-गहू झोपविणारी गार. त्यापलीकडे आपला आणि बर्फाचा संबंध नाही, असे आपण समजतो. आमच्या वर्गात हिमनदीचा धडा आला की मागच्या बाकावरून एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, हे आपल्याला कशाला?" प्रश्न उद्धट नाही. मला तर तो योग्यच वाटतो. ज्या मुलांनी मांजरा धरणाच्या कोरड्या तळात भेगाळलेली माती पाहिली, त्यांना बर्फाच्या नदीचे काय कौतुक?

पण २०१३ साल आठवा. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. टँकरच्या मागे घागरींच्या रांगा होत्या. आणि त्याच वर्षी जूनच्या १६-१७ तारखेला केदारनाथला पाण्याने हाहाकार उडविला. आपल्याकडे परळीच्या वैजनाथाला बेल वाहणारा माणूस जन्मात एकदा केदारनाथाला जाण्याची इच्छा धरतो. त्या दिवशी तेथे असलेल्या यात्रेकरूंत महाराष्ट्रातले लोकही पुष्कळ होते. पावसाने कहर केला हे खरेच, पण देवळाच्या वर, दोनेक किलोमीटरवर, चोराबारी हिमनदीच्या कुशीत एक तळे होते. ते काठोकाठ भरले, त्याचा दगडमातीचा काठ फुटला आणि सगळे तळे एकदम खाली आले. एका ज्योतिर्लिंगाशी पाणी नाही म्हणून यंत्रे थांबलेली, दुसऱ्याशी पाणी फार झाले म्हणून माणसे वाहून गेलेली. दोन्ही ठिकाणी विचारण्याचा प्रश्न मात्र एकच होता: वर किती पाणी आहे, ते कोणाला ठाऊक होते?

आज या प्रश्नाविषयीच बोलायचे आहे. डोंगरमाथ्यावरची तळी माणूस आकाशातून कशी मोजतो, त्या मोजणीतून काय कळते आणि काय कळत नाही.

आधी ही तळी होतात कशी, ते पाहू. हिमनदी ही नावाला नदी. दिवसाला काही सेंटिमीटर, फार तर काही मीटर सरकणारा तो बर्फाचा जाड पट्टा असतो. सरकताना ती डोंगराची हाडे खरवडते आणि ते दगडगोटे, वाळू, चिखल पुढे ढकलीत नेते. खोऱ्याने माती ओढावी आणि समोर ढीग साचावा, तसा तिच्या तोंडाशी व दोन्ही बाजूंना ढिगारा साचतो. भूगोलाच्या पुस्तकात त्याला हिमोढ म्हणतात. काही शतकांपूर्वी हवा आजच्याहून थंड होती तेव्हा हिमनद्या पुढे आल्या होत्या आणि त्यांनी आपापल्या हद्दीवर असे ढिगारे रचून ठेवले. पुढे हवा तापू लागली, बर्फ मागे हटला. ढिगारा मात्र जागेवर राहिला. मागे हटलेली हिमनदी आणि तो ढिगारा यांच्यामध्ये जो खळगा उरला, त्यात वितळलेले पाणी साचले. झाले तळे तयार.

आता हा बांध कसा असतो पाहा. त्याला ना पाया, ना चिकणमातीचा गाभा, ना दगडी पिचिंग. सांडवा तर नाहीच. कित्येकदा बांधाच्या पोटातच जुना बर्फ दडलेला असतो. तो वितळला की बांध आतून पोकळ होतो. आपल्याकडे पाझर तलावाचा कंत्राटदारसुद्धा असे काम करून बिल काढावयास धजणार नाही! आणि असल्या बांधांच्या मागे वर्षानुवर्षे पाणी वाढत चालले आहे.

किती वाढते आहे? येथे आकाशातल्या डोळ्याचे काम सुरू होते. ही तळी चार-पाच हजार मीटर उंचीवर असतात. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे अडीच-तीन कळसूबाया एकावर एक ठेवाव्यात, तेव्हा तेथे पोचायचे. रस्ता नाही, श्वास पुरत नाही, वर्षातले बरेच महिने सगळे बर्फाखाली. मोजणीदाराने साखळी घेऊन जावे अशी ती जागा नव्हे. भारतीय नद्यांच्या हिमालयीन पाणलोटात पाव हेक्टरहून मोठी अशी २८,०४३ तळी हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने नकाशावर उतरविली आहेत. ती पायी हिंडून मोजायची म्हटली तर पिढ्या संपतील.

उपग्रह साधारण आठशे किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतो. त्याच्या चित्रात जमीन सलग दिसत नाही, ती लहानलहान चौकोनी ठिपक्यांची बनलेली असते. युरोपीय देशांचा सेंटिनेल-२ नावाचा उपग्रह आहे, त्याचा एक ठिपका जमिनीवर दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद. म्हणजे शंभर चौरस मीटर. शेतकऱ्याला हे क्षेत्र वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही, कारण तो जवळजवळ बरोबर एक गुंठा झाला! तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट. तेव्हा आकाशातून तळे मोजायचे म्हणजे त्यात किती गुंठे ठिपके पाण्याचे आहेत, ते मोजायचे. पंचवीस ठिपके भरले की झाले पाव हेक्टर. वर्गातल्या मुलांना मी माजलगावच्या जलाशयाचे असे एक चित्र मोठे करून दिले होते. सातबारा वाचता येणाऱ्या मुलांना ते नकाशाच्या पुस्तकापेक्षा लवकर कळले.

पण ठिपका पाण्याचा की मातीचा, हे कसे ओळखायचे? आपल्या डोळ्यांना दिसतो तेवढाच प्रकाश नसतो. तांबड्याच्या पलीकडे अवरक्त किरण असतात, ते आपणांस दिसत नाहीत, पण उपग्रहाच्या यंत्राला दिसतात. पाण्याचा स्वभाव असा की, हिरवा प्रकाश ते थोडा तरी परत पाठविते, अवरक्त मात्र जवळजवळ सगळा गिळून टाकते. उलट हिरवेगार उसाचे रान अवरक्तात लख्ख उजळते. म्हणून दोन्ही किरणांतली चित्रे शेजारी ठेवून वजाबाकी केली की पाणी उठून दिसते. बर्फाचेही असेच आहे. ढग आणि बर्फ दोन्ही पांढरे, आपल्या डोळ्यांची फसगत होते. पण आणखी पलीकडच्या अवरक्तात बर्फ काळा पडतो आणि बहुतेक ढग पांढरेच राहतात. सोंग घेतलेल्या माणसाला भलत्याच दिव्याखाली उभे करावे, तसा हा प्रकार.

तरी फसगत होतेच. हिमालयात कड्यांच्या सावल्या लांब पडतात आणि सावली पाण्यासारखीच काळी दिसते. काही हिमनद्यांच्या अंगावर इतकी दगडमाती पसरलेली असते की खाली बर्फ आहे, हे वरून कळतच नाही. हिवाळ्यात तळे गोठून बर्फात मिसळून जाते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ज्या पावसाळ्यात तळी सर्वांत मोठी आणि सर्वांत धोक्याची असतात, नेमके त्याच दिवसांत वर ढगांचे पांघरूण असते. यावर तोड म्हणजे रडार. हा उपग्रह सूर्यप्रकाशाची वाट पाहत नाही. तो स्वतःच रेडिओच्या लहरी खाली सोडतो आणि परत आलेल्या मोजतो. ढग त्याला आडवा येत नाही, रात्र आडवी येत नाही. संथ पाण्यावर पडलेल्या लहरी आरशावरून घसरल्यासारख्या दुसरीकडे निघून जातात, म्हणून पाणी काळे दिसते. खडबडीत जमिनीवरून त्या चहूकडे उधळतात, काही परत येतात. आपल्या देशाचा रिसॅट-१ए हा असा उपग्रह १४ फेब्रुवारी २०२२ रोजी सोडण्यात आला. २०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणेला आणि बिंदुसरेला पूर आले, तेव्हा आपल्या डोक्यावर दिवसच्या दिवस आभाळ गच्च होते. अशा वेळी पुराचे पाणी कोठवर पसरले, ते वरून पाहावयाचे तर हाच एक मार्ग.

आजचे चित्र मिळाले, पण वाढ कळावयाची तर कालचे चित्रही हवे. येथे एक मौजेची गोष्ट सांगतो. हिमालयाची काही चांगली जुनी चित्रे मिळाली ती हेरगिरीच्या कृपेने. अमेरिकेने १९६० नंतर रशिया-चीनवर नजर ठेवण्यासाठी जे उपग्रह सोडले, त्यांत खरोखरीची फिल्म असे. ती भरली की एका डब्यात घालून खाली टाकीत आणि पॅराशूटने तरंगत येणारा तो डबा विमानाने हवेतच आकड्यात अडकवून पकडीत! पुढे ही चित्रे सर्वांना खुली झाली. लष्करी तळ शोधताना त्या कॅमेऱ्यांनी हिमालयाचा बर्फही टिपून ठेवला होता. अशा जुन्या चित्रांवरून ६५० हिमनद्यांची उंची काढून, ती नव्या मोजणीशी ताडून पाहिली, तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७५ ते २००० या काळात बर्फ ज्या वेगाने झिजत होता, त्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने तो २००० नंतर झिजला. वितळण्याचे कारण सगळ्या पर्वतरांगेवर सारखेच पडलेले आहे, आणि ते म्हणजे तापत चाललेली हवा.

आपल्या देशातही हे काम जुने आहे. डॉ. अनिल कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिनाब, पार्वती आणि बस्पा या खोऱ्यांतल्या ४६६ हिमनद्या तपासल्या. १९६२ च्या नकाशांतले क्षेत्र २,०७७ चौरस किलोमीटर होते, उपग्रहचित्रांवरून ते १,६२८ भरले. चाळीसेक वर्षांत शेकडा २१ घट. २००७ साली हा निबंध छापून आला. त्यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते: हिमनद्यांचे क्षेत्र घटले, पण हिमनद्यांची संख्या वाढली. कारण मोठी हिमनदी आटताना तिचे तुकडे पडतात. वाटण्या झाल्या की सातबारे वाढतात, जमीन वाढत नाही, हे बीड जिल्ह्यात कोणाला सांगायला नको.

तळ्यांचे आकडे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने, म्हणजे इस्रोने, २०२४ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध केले. दहा हेक्टरांहून म्हणजे पंचवीस एकरांहून मोठी २,४३१ तळी २०१६-१७ मध्ये आढळली होती. त्यांपैकी ६७६ तळी १९८४ पासून ठळकपणे वाढलेली दिसली. त्यांतली ६०१ तर दुपटीहून अधिक. या ६७६ पैकी १३० भारतात आहेत. १९८४ हेच साल का, असे कोणी विचारील. तर त्या वर्षी अमेरिकेचा लँडसॅट-५ हा उपग्रह वर गेला आणि तीस मीटर ठिपक्याची, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांच्या ठिपक्याची चित्रे नियमाने मिळू लागली. सुरुवातीच्या लँडसॅट उपग्रहांचा एक ठिपका दीड एकराच्या घरात होता. लहान तळे त्यात हरवून जाई.

हिमाचल प्रदेशातले घेपन घाट नावाचे तळे घ्या. मनालीहून लेहला जाणाऱ्या वाटेवर, अटल बोगदा ओलांडला की सिस्सू गाव लागते. आपल्याकडची सहलीला गेलेली मंडळी तेथे उतरून फोटो काढतात. त्या गावाच्या वरच्या अंगाला, ४,०६८ मीटर उंचीवर हे तळे आहे. १९८९ मध्ये ते ३६.४९ हेक्टर होते, २०२२ मध्ये १०१.३० हेक्टर झाले. नव्वद एकरांचे अडीचशे एकर! दर वर्षी सरासरी दोन हेक्टरांच्या आसपास भर.

येथपर्यंत ऐकून वाटेल की, मग आता चिंता कसली? वरून सगळे दिसते, सगळे मोजले जाते. या समजुतीसाठीच मी पुढची हकीकत जरा विस्ताराने सांगणार आहे.

उत्तर सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक नावाचे तळे आहे, ५,२०० मीटरांच्या आसपास उंचीवर. १९७७ च्या चित्रात ते वीस हेक्टरांहूनही लहान होते. पुढच्या प्रत्येक चित्रात ते वाढताना दिसले. शास्त्रज्ञांनी त्यावर निबंध लिहिले, हे तळे फुटू शकते असे स्पष्ट म्हटले. २०१६ मध्ये लडाखचे सोनम वांगचुक आणि सिक्कीमचे अधिकारी यांनी तेथवर नळ्या नेल्या आणि विहिरीवर आपण करतो तसा सायफन लावून पातळी थोडी खाली आणण्याचा प्रयत्न केला. २०२३ च्या सप्टेंबरात तळ्याजवळ कॅमेरा व हवामानाची यंत्रे बसविण्याचे कामही सुरू झाले होते. म्हणजे हे तळे कोणाच्या नजरेआड नव्हते. हिमालयात याच्याइतकी तपासलेली तळी थोडीच असतील.

इस्रोच्या नोंदीप्रमाणे २८ सप्टेंबर २०२३ रोजी त्याचे क्षेत्र १६७.४ हेक्टर होते. ४ ऑक्टोबरच्या सकाळी ते ६०.३ हेक्टर भरले. दोन चित्रांच्या मध्ये शंभरावर हेक्टर तळे नाहीसे झाले होते. ३ ऑक्टोबरच्या रात्री दहाच्या पुढे ते फुटले. मध्यरात्रीच्या सुमारास पाण्याचा लोंढा चुंगथांगला पोचला आणि तिस्तेवरचे १,२०० मेगावॉटच्या वीजप्रकल्पाचे धरण त्याने उखडून नेले. धरणातले पाणीही त्यात मिळाले. खाली गावे होती, पूल होते, लष्कराच्या छावण्या होत्या. मृत आणि बेपत्ता मिळून शंभराहून अधिक माणसे गेली.

त्या रात्री तळ्यातून बाहेर पडलेले पाणी शास्त्रज्ञांनी पुढे सुमारे ५० दशलक्ष घनमीटर काढले. आपल्या वर्तमानपत्रांच्या भाषेत ५० दलघमी. मांजरा धरणाचा मृतसाठा, म्हणजे जे पाणी दाराखाली राहते आणि कालव्याला कधी मिळत नाही, तो सुमारे ४७ दलघमी आहे. अगदी तेवढेच पाणी समजा. मांजराचा मृतसाठा पाच हजार मीटर उंचीवर नेऊन ठेवावा, आणि त्याचा बांध काळोखात एकदम फुटावा.

आता दोन्ही पाण्यांत फरक कोठे आहे, ते पाहा. माझ्या मते या विषयाचे मर्म येथे आहे. मांजरा धरण बांधण्यापूर्वी धनेगावच्या वरच्या बाजूचे सगळे बुडीत क्षेत्र मोजणीदारांनी फूटपट्टीने पाहावे तसे पाहिले होते. कोठे किती उंच, कोठे किती खोल, याचा तक्ता तयार होता. पाणी मागाहून आले. म्हणून भिंतीवरची मोजपट्टी वाचली की साठा किती ते तक्त्यावरून तत्काळ सांगता येते. उपग्रहाने वरून पाण्याचा पसारा पाहिला तरी सांगता येते. हिमसरोवराचा तळ मात्र कोणी आधी पाहिलेलाच नाही. तो बर्फाखाली होता. बर्फ हटला तसे पाणी भरत गेले. उपग्रह तळ्याची लांबी-रुंदी सांगतो. खोली सांगत नाही. ती सूत्राने अंदाजावी लागते, नाही तर कोणी तरी रबरी होडी पाठीवर घालून तेथवर चढावे आणि खोली मोजण्याचे यंत्र पाण्यात सोडावे. दक्षिण ल्होनाकवर असे केले तेव्हा ते शंभर मीटरांहून खोल निघाले. अशी होडी किती तळ्यांवर नेणार?

आणखी एक. तळे वाढत होते हे सर्वांनी पाहिले, पण ते फुटले नुसते वाढल्यामुळे नव्हे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे तळ्याच्या बाजूचा, बारमाही गोठलेला हिमोढाचा उतार कोसळून पाण्यात पडला. जवळजवळ दीड कोटी घनमीटर दगडमाती! भरल्या घंगाळात धोंडा टाकावा तसे झाले. सुमारे वीस मीटर उंचीची लाट उठली आणि तिने समोरचा बांध फोडला. तो उतार काही वर्षे सरकत होता, हे नंतर जुनी उपग्रहचित्रे काढून पाहिल्यावर दिसले. म्हणजे चित्रांत ते होते. पण पाहणाऱ्यांची नजर पाण्यावर खिळलेली, काठाकडे तितकी गेली नाही. यात कोणाला बोल लावावा असे मला वाटत नाही. हजारो तळी, हजारो उतार, आणि चित्रे रोज येणारी. डोळा आकाशात असला तरी पाहणारा माणूस जमिनीवरच बसलेला असतो.

केदारनाथची गोष्ट तर याहून निराळी. चोराबारीचे तळे लहान होते. मोठ्या तळ्यांची यादी करा, तर ते त्यात बसणार नाही. पण खाली देऊळ होते आणि यात्रेचे दिवस होते. तळे किती धोक्याचे, हे केवळ एकरांवर ठरत नाही, त्याच्या खाली कोण झोपले आहे यावरही ठरते. उपग्रहाचे चित्र एवढे चांगले, पण त्यात भाविकांची गर्दी उमटत नाही.

हा सगळा विचार आपल्या जिल्ह्यालाही लागू पडतो, उलट्या बाजूने. तेथे तळी वाढतात म्हणून मोजायची, येथे आटतात म्हणून. माजलगावचा उपयुक्त साठा ३१२ दलघमी, मांजराचा १७७ च्या आसपास. वर्तमानपत्रात रोज टक्केवारी येते आणि पारावर तिची चर्चा होते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ते आपण विसरलेलो नाही. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली तेव्हा दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. पुढे त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस धरण भरले. उपग्रहचित्रांत ही दोन्ही रूपे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे ती एकाच वर्षातली आहेत, हे पटत नाही.

पण येथेही पाण्याचा पसारा एक सांगतो आणि पोटातले सत्य दुसरे असते. दर पावसाळ्यात बालाघाटाच्या उघड्या टेकड्यांवरून माती वाहून येते आणि धरणाच्या तळाशी बसते. तक्ता धरण बांधतानाचा, तळ आजचा. टक्केवारीत पाणी म्हणून जे मोजले जाते, त्यातला काही भाग गाळ असतो! हा गाळ मोजण्यास उपग्रह उपयोगी पडतो, आणि त्याची रीत मोठी सुबक आहे. धरण भरलेले असताना आणि मग पातळी उतरत जाईल तशी वेगवेगळ्या दिवशीची चित्रे घ्यायची. त्या त्या दिवशी भिंतीवरची पातळी किती, हे पाटबंधारे खात्याच्या वहीत असतेच. अमुक पातळीला पूर्वी पाणी इतक्या हेक्टरांवर पसरत असे, आज त्याच पातळीला ते कमी हेक्टरांवर पसरते. मधली जागा कोणी घेतली? गाळाने. पातळीपातळीचा हा फरक जोडीत गेले की धरणाचे पोट किती भरले ते निघते. नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, जिला आपण मेरी म्हणतो, राज्यातल्या कित्येक जलाशयांची मोजणी या पद्धतीने केली आहे. फक्त सर्वांत खालच्या, कधीच उघड्या न पडणाऱ्या भागाचे काय, हे आकाशातून दिसत नाही. तेथे पुन्हा होडीच न्यावी लागते. दुष्काळी वर्षात मात्र आमचे धरण तळापर्यंत उघडे पडते आणि मोजणी सोपी होते. दुष्काळाचा एवढा एकच फायदा मला माहीत आहे.

भूगर्भातल्या पाण्याचे नाव काढले तर हा प्रकाशाचा डोळा पुरता आंधळा आहे. बीडची निजामशाहीच्या काळातली खजाना विहीर आणि तिचे जमिनीखालचे पाट वरून पाहणाऱ्याला कधी दिसायचे नाहीत.

हिमालयाकडे परत वळू. केंद्रीय जल आयोग दर वर्षी जून ते ऑक्टोबर या महिन्यांत दहा हेक्टरांवरच्या नऊशेहून अधिक तळ्यांचे व जलाशयांचे क्षेत्र उपग्रहावरून तपासत असतो. २०२४ मध्ये केंद्र सरकारने हिमसरोवर फुटीचा धोका कमी करण्यासाठी दीडशे कोटी रुपयांची योजना मंजूर केली. हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, सिक्कीम आणि अरुणाचल ही चार राज्ये तीत आहेत. तळ्याकाठी पातळीची यंत्रे, खालच्या गावांत भोंगे, आणि जमेल तेथे पाणी उतरविण्याची सोय असे तिचे स्वरूप आहे. मला यातले भोंग्याचे काम सर्वांत महत्त्वाचे वाटते. उपग्रह बारा दिवसांनी आला काय आणि पाच दिवसांनी आला काय, ल्होनाकचे पाणी चुंगथांगला पोचायला दोन-अडीच तासच लागले होते. तेवढ्या वेळात झोपलेल्या माणसाला उठवायचे तर त्याच खोऱ्यात काही तरी वाजले पाहिजे.

दरम्यान आकाशातला डोळाही अधिक तीक्ष्ण झाला आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून निसार हा भारत आणि अमेरिका यांनी मिळून बनविलेला रडार उपग्रह सोडण्यात आला. तो बारा दिवसांनी त्याच जागेवरून जातो, आणि दोन फेऱ्यांच्या लहरी एकमेकींशी ताडून जमीन काही सेंटिमीटर जरी सरकली असली तरी सांगू शकतो. दक्षिण ल्होनाकच्या काठासारखे सरकते उतार आधी हेरण्यास हीच दृष्टी हवी होती.

शेवटी आपल्या कॉलेजातल्या आणि हायस्कुलातल्या मुलांसाठी थोडेसे. ही चित्रे आज गुप्त राहिलेली नाहीत. इस्रोच्या 'भुवन' या नकाशाच्या सोयीवर आणि युरोपीय उपग्रहांच्या खुल्या संग्रहात ती पैसे न देता पाहावयास मिळतात, शाळेतल्या संगणकावरसुद्धा. हिमालयाला हात घालण्याआधी घरचे तळे शोधून पाहावे. गोदावरी सापडणे सोपे आहे, तिच्या काठाने पूर्वेकडे सरकत यावे. मंजरथला तिला दक्षिणेकडून सिंदफणा मिळते. तेथून सिंदफणेने वर चढत गेले की माजलगावचे पाणी लागते. एक चित्र ऑक्टोबरचे घ्यावे, एक मे महिन्याचे, आणि दोन्हींतले गुंठे मोजावेत.